झाकणावरची अक्षरं, दोरीवरच्या खुणा

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल वडगाव सोडते आणि पुढचंच स्टेशन कान्हे लागतं. गाव लहान, पण जागा मोक्याची. जुना मुंबई–पुणे रस्ता इथूनच जातो. कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुकच्या दिशेनं वळलं की आंदर मावळ सुरू होतो आणि त्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवरची माणसं इथल्या सरकारी रुग्णालयात येतात. कुणी भातशेती करणारं, कुणी कारखान्यात कंत्राटी कामाला जाणारं, कुणी ठाकर किंवा कातकरी वस्तीवरचं. एवढ्याशा पट्ट्यात या माणसांसाठी किती मजकूर लिहिलेला असतो! फलाटावरच्या सूचना, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या योजना, डेंगीपासून क्षयरोगापर्यंतची पोस्टरं, केसपेपर, गोळ्यांची पाकिटं, बाळाच्या लसीकरणाचं कार्ड.

हे सगळं कुणीतरी आखलेलं असतं. अक्षर किती मोठं, चित्र कुठलं, रंग कोणता, आधी काय आणि नंतर काय, हे ठरवणाऱ्याला ग्राफिक डिझायनर म्हणतात. आपल्याकडे हा शब्द ऐकला की बोधचिन्ह, जाहिरात, साबणाचं वेष्टन किंवा लग्नपत्रिका डोळ्यांपुढे येते. पण या पेशाची दुसरी बाजूही आहे. आरोग्य, शेती, शिक्षण, मतदान अशा ठिकाणी जिथं माहिती न पोचल्याची किंमत माणूस पैशात, वेळेत आणि कधी कधी जिवानं मोजतो, तिथं हेच कौशल्य लागतं. या कामाची एक रीत जगभर रुजली आहे. आधी ज्याच्यासाठी काम करायचं त्याच्याकडे जायचं, तो काय करतो ते पाहायचं, कच्चं काहीतरी काढून त्याच्या हातात द्यायचं, तो अडला की बदलायचं. तिला मानवकेंद्री डिझाइन म्हणतात. डिझायनर व्हिक्टर पापानेक यांनी 1971 साली याच आग्रहानं पुस्तक लिहिलं, आणि जानेवारी 1979 मध्ये अहमदाबादच्या परिषदेत विकासासाठी डिझाइन वापरण्याचा जाहीरनामा निघाला. मुंबईच्या आयआयटीत तर 1969 पासूनच औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झालं होतं. जर्मनीतल्या उल्मच्या प्रसिद्ध डिझाइनशाळेत शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णी यांनी ते घडवलं.

पण मला सुरुवात शाळांपासून करायची नाही. मावळच्या माणसांनी यातला सगळ्यात अवघड धडा कुठल्याही शाळेच्या आधी गिरवला होता.

मुंबईच्या डबेवाल्यांपैकी बहुतेकांची गावं मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या डोंगरपट्ट्यातली. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये हे काम सुरू केलं, असं मानलं जातं. 1956 साली त्याचा नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स ट्रस्ट झाला. करोनापूर्वी सुमारे 5 हजार डबेवाले रोज 2 लाखांच्या आसपास डबे पोचवत होते. त्यांच्या अचूकतेबद्दल परदेशी मासिकांचे दाखले देऊन जे आकडे सांगितले जातात, ते मी इथं बाजूला ठेवतो. ते आकडे पाठ करताना खरी पाहण्यासारखी गोष्ट नजरेतून निसटते. ती गोष्ट म्हणजे डब्याचं झाकण.

झाकणाच्या मधोमध एक मोठा ठळक आकडा असतो. तो डबा कुठल्या भागात जायचा ते सांगतो. कडेला बारीक अक्षरांत दुसरा गट असतो. उदाहरणार्थ ‘9 ईएक्स 12’, म्हणजे उतरल्यावर 9 क्रमांकाच्या माणसानं घ्यायचा, एक्स्प्रेस टॉवर्स इमारत, मजला बारावा. तिसरी खूण रंगाची, आकाराची, कधी एखाद्या नक्षीची असते. ती डबा कुठल्या स्टेशनावरून निघाला ते सांगते. ग्राहकाचं नाव नाही, पत्ता नाही, पिन कोड नाही. पूर्वी तर रंगीत दोरे बांधून काम भागवलं जाई. पुढं डबे वाढले, कार्यालयं वाढली, आणि रंगानं काढलेल्या खुणा आल्या.

आता या झाकणाकडे डिझायनरच्या नजरेनं पाहा. एका डब्याला दिवसभरात अनेक हात लागतात आणि प्रत्येकाला त्यातला एकच तुकडा हवा असतो. स्टेशनाबाहेर डबे वेगळे करणारा माणूस गर्दीत उभ्या उभ्या, वरून, हातभर अंतरावरून झाकण बघतो. त्याच्याकडे क्षणभराचाच वेळ असतो. त्याला फक्त भाग हवा, म्हणून तो आकडा सगळ्यात मोठा आणि मधोमध. इमारतीत शिरणाऱ्याकडे थोडा अधिक वेळ आहे आणि डबा त्याच्या हातात आहे, म्हणून त्याच्यासाठीची अक्षरं कडेला आणि लहान असली तरी चालतात. दुपारी रिकामा डबा परत निघाला की रंगाची खूण कामाला येते. अक्षराचा आकार वाचणाऱ्याच्या घाईवर ठरलाय. ज्याला जे नको ते झाकणावर नाही. फारशी शाळा न शिकलेला माणूसही थोड्या सरावानं ही चिन्हं वाचतो, कारण ती त्याच्या कामाच्या वाटेनं जातात.

ही मांडणी कुणा एकानं टेबलाशी बसून केलेली नाही. वापरणारेच ती आखत गेले, चुकलं तर डबा चुकीच्या माणसाकडे जायचा आणि दुसऱ्या दिवशी तक्रार यायची, त्यातून खूण सुधारायची. रुग्णालयाच्या पोस्टरला अशी तक्रार कधी येत नाही. न समजलेला माणूस गप्प निघून जातो, आणि पोस्टर तसंच भिंतीवर राहतं. सामाजिक कामातल्या डिझाइनची खरी अडचण इथं आहे. साबण खपला नाही तर कंपनीला महिनाभरात कळतं. आजीबाईंनी गोळी चुकीच्या वेळी घेतली, हे पोस्टर काढणाऱ्याला कधीच कळत नाही. म्हणून ती तक्रार त्याला मुद्दाम शोधत जावी लागते.

गोळ्यांच्या पाकिटाचंच पाहू. चिठ्ठीवर ‘1-0-1’ लिहिलेलं असतं. शिकलेल्याला ते सरळ वाटतं: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ज्याला आकडे वाचता येतात पण ही रीत माहीत नाही, त्याला ते एकशे एक वाटू शकतं. मग डिझायनर म्हणतो, चित्र काढू, चित्र सगळ्यांना कळतं. सूर्य म्हणजे सकाळ, चंद्रकोर म्हणजे रात्र. पण सूर्य दुपारीही असतोच की, उलट डोक्यावर असतो. डोंगरामागून उगवणारा सूर्य काढला तर तो मावळणाराही असू शकतो, दोन्हीचं चित्र एकच. चंद्रकोरीचं म्हणाल तर ज्याचं आकाशाशी रोजचं नातं आहे, त्याला कोर म्हणजे महिन्यातले ठरावीक दिवस. शेतावर राबणाऱ्या बाईचा दिवस घड्याळानं विभागलेला नसतो. न्याहारी, दुपारची भाकरी, दिवेलागण, रात्रीचं जेवण, अशा वेळा तिच्या पक्क्या असतात. गोळी जेवणाआधी की नंतर, हेही औषधाच्या दृष्टीनं महत्त्वाचं असतं. तेव्हा भाकरीचं ताट आणि त्याच्या आधी किंवा नंतर गोळी, असं चित्र जास्त उपयोगी पडेल का? पडेलही. पण हे इथं लेखात बसून ठरवता येत नाही, तिलाच विचारावं लागतं. ती सकाळी न्याहारी न करताच शेतावर जात असेल, तर माझं ताटही चुकलं.

चित्र वाचायलाही शिकावं लागतं, हे सुशिक्षित माणसाला पटवणं अवघड जातं, कारण आपण ते कधी शिकलो हे आपल्याला आठवत नाही. 1976 साली नेपाळमध्ये युनिसेफ आणि तिथल्या राष्ट्रीय विकास सेवेनं गावोगावच्या प्रौढांना निरनिराळ्या धाटणीची चित्रं दाखवून पाहिली. काटकुळी रेघांची माणसं आणि नुसत्या काळ्या आकृत्या लोकांना नीट ओळखू येईनात. त्यांच्यापेक्षा छायाप्रकाश असलेली, पण मागची गर्दी काढून टाकलेली चित्रं लोकांनी चांगली ओळखली. चित्रांची मालिका डावीकडून उजवीकडेच वाचायची, हे गृहीत धरता आलं नाही. बाण, फुली, बरोबरची खूण यांचे अर्थ शाळेत न गेलेल्यांना ठाऊक नव्हते. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक मोठी गोष्ट सापडली. चित्रातून कुणी आपल्याला काही सांगू पाहतंय, अशी अपेक्षाच अनेकांना नव्हती. चित्र म्हणजे भिंतीवरची शोभा.

आपल्या रुग्णालयांतल्या खुणा बहुतेकदा नेमक्या काटकुळ्या रेघांच्या आणि काळ्या आकृत्यांच्या असतात. प्रयोगशाळेसाठी सूक्ष्मदर्शक काढलेला असतो. ज्यानं सूक्ष्मदर्शक आयुष्यात पाहिला नाही त्याला तो शिवणयंत्रासारखा दिसला तर दोष कुणाचा? रुग्णाच्या दृष्टीनं ती प्रयोगशाळा नसतेच, ती ‘रक्त काढायची खोली’ असते. त्यानं तिथं जे अनुभवलेलं आहे, म्हणजे दंडाला आवळलेली पट्टी आणि सुई, ते काढलं तर खूण ओळखीची होईल. यंत्र डॉक्टरच्या बाजूनं दिसतं, सुई रुग्णाच्या बाजूनं. कुणाच्या जागेवरून चित्र काढायचं, एवढा एक निर्णय नीट घेतला तरी निम्मं काम होतं.

या निर्णयासाठी पाश्चात्त्य डिझाइनच्या इतिहासातही एक स्वतंत्र भूमिका तयार झाली होती. व्हिएन्नात ओटो न्यूराथ यांनी 1925 साली समाज आणि अर्थव्यवहाराचं संग्रहालय काढलं. आकडेवारी सामान्य कामगाराला कळावी म्हणून तिथं चित्रलिपी घडली, तिला पुढं आयसोटाइप म्हणू लागले. तज्ज्ञ माहिती द्यायचा, चित्रकार चित्र काढायचा, आणि या दोघांच्या मध्ये मारी न्यूराथ बसायच्या. त्यांचं काम म्हणजे यातलं काय सांगायचं, काय गाळायचं, कुठल्या क्रमानं सांगायचं हे सामान्य माणसाच्या वतीनं ठरवणं. 1950 च्या दशकात त्या पश्चिम नायजेरियात गेल्या, तेव्हा युरोपात मुरलेली चित्रं तशीच चालणार नाहीत हे त्यांना तिथं जाऊन पाहावं लागलं. घरं, पेहराव, रंग, सगळं तिथल्या लोकांबरोबर नव्यानं बसवावं लागलं. आपल्याकडे सरकारी खात्यांत आणि संस्थांत तज्ज्ञही असतात, चित्रकारही असतात. मधली ही जागा बहुधा रिकामी असते. ‘मजकूर आला आहे, पोस्टर करून द्या’ इथपासूनच काम सुरू होतं.

ती जागा भरली गेली की काय होतं, याचं महाराष्ट्रातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण गडचिरोलीचं आहे, आणि ते डिझायनरांनी केलेलं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथं 1986 साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान बाळं न्यूमोनियानं दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, त्याहून मोठ्या, वर्षाच्या आतल्या बाळाचा 50 किंवा अधिक असेल, तर धोका समजावा. डॉक्टर घड्याळ लावून मोजतात. पण बाळाजवळ डॉक्टर नसतो, गावातली दाई असते. तिच्याकडे घड्याळ नाही, आणि पन्नास-साठपर्यंत सलग मोजणं अनेकींना जमत नव्हतं.

इथं सरळ मार्ग म्हणजे प्रशिक्षणाचा होता. तक्ते लावायचे, आकडे शिकवायचे. बंग दांपत्यानं आकडेच दाईच्या डोक्यावरून उतरवले. त्यांनी श्वासमापक नावाचं एक साधं साधन केलं. त्यात मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मण्यांची संख्या बाळाच्या वयानुसार बसवलेली, शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. दहापर्यंत मोजणं दाईला येतच होतं. बाकीचं गणित तारेवर बसलं.

याआधीच गडचिरोलीच्या अनेक गावांमध्ये गावपातळीवर न्यूमोनिया ओळखून औषध देण्याचा अभ्यास त्यांनी केला होता. 1990 साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. जिथं हा उपाय झाला त्या गावांमध्ये न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 54 टक्क्यांनी कमी होते. यात औषधाचा, प्रशिक्षणाचा, दाईवरच्या विश्वासाचा वाटा मोठा. श्वासमापक तर नंतरचा, या आकड्याचं श्रेय त्याला देणं बरोबर होणार नाही. पण हे सगळं अशा बाईच्या हातून व्हायचं होतं जिला व्यवस्थेनं ‘अडाणी’ म्हणून बाजूला ठेवलं होतं, आणि तिच्या हाती जे आहे त्यावरच साधन उभं करायचं, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

अशीच एक गोष्ट मावळच्या भातशेतीशी जोडलेली आहे. वडगावच्या कृषी संशोधन केंद्रानं 1987 साली इंद्रायणी भात दिला, तो सगळ्यांना माहीत आहे. लावणीच्या पद्धतीची गोष्ट तेवढी बोलली जात नाही. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी चारसूत्री भात लागवड बसवली. तिच्यातलं एक सूत्र नियंत्रित लावणीचं. रोपांमध्ये आळीपाळीनं 15 आणि 25 सेंटीमीटर अंतर ठेवायचं. म्हणजे चार चुडांचा एक लहान चौकोन तयार होतो आणि त्या चौकोनाच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी हातानं चिखलात 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचायची. हिशेब केला तर हेक्टरी 62,500 गोळ्या होतात. खत वाहून जात नाही, मुळाशी राहतं.

हे सगळं पत्रकात छापता येतं, छापलं गेलंही. पण लावणी भर पावसात, गुडघाभर चिखलात, वाकून, दोन्ही हात रोपांत गुंतलेले असताना होते, आणि लावणाऱ्या बहुतेक बाया असतात. तिथं पत्रक कोण काढणार? म्हणून 15 आणि 25 सेंटीमीटरवर खुणा केलेली दोरी वापरतात. दोन टोकं दोघांनी धरायची, खुणेपाशी चूड लावायचा, दोरी पुढं सरकवायची. मोजपट्टी नाही, वाचणं नाही, लक्षात ठेवणं नाही. या दोरीला कुणी ग्राफिक डिझाइन म्हणणार नाही, पण मी म्हणेन. एका सुतळीवर दोनच अंतरं आहेत आणि ती वाचणाऱ्याच्या बोटांखाली, नेमक्या लागतील त्या क्षणी येतात. डब्याचं झाकण, मण्यांची तार आणि ही दोरी, तिन्ही ठिकाणी सूचना पत्रकातून उठून वस्तूवर जाऊन बसली आहे. डिझायनरला काम दिलं की तो पोस्टर काढतो, कारण त्याला पोस्टर काढायला सांगितलेलं असतं. पोस्टर हवं की दोरी, हा प्रश्न विचारायची मुभा त्याला असली पाहिजे, आणि नसेल तर ती त्यानं मागून घ्यावी.

देशपातळीवर हा विचार मोठ्या प्रमाणावर झाला तो मतदानात. 1951 च्या जनगणनेत साक्षरता 18 टक्क्यांच्या आसपास होती, आणि त्याच वर्षी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची सुरुवात झाली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तिच्यावर चिन्ह लावलं. पुढच्या काळात निवडणूक आयोगाचे आरेखक एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीनं कितीतरी चिन्हं काढली. ते 1992 मध्ये निवृत्त झाले, तरी कपबशी, शिलाई मशीन, कंगवा, पतंग अशा त्या घरगुती वस्तू आजही मतपत्रिकेवर भेटतात. मतदान यंत्राचं रूप मुंबई आयआयटीच्या औद्योगिक डिझाइन केंद्रातले ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी घडवलं. केरळमध्ये 1982 साली ते यंत्र पहिल्यांदा वापरून पाहिलं गेलं होतं. नाव, चिन्ह, दिवा आणि निळं बटण एका ओळीत. बटण दाबलं की त्याच ओळीतला लाल दिवा लागतो आणि लांब आवाज येतो. शाईचा शिक्का भलत्या जागी पडण्याची, कागद चुकीचा दुमडून शाई दुसऱ्या चिन्हावर उमटण्याची धास्ती त्यातून गेली. पुढं चिठ्ठीचं यंत्र जोडलं गेलं, आणि आपण दिलेलं मत 7 सेकंद काचेआड दिसू लागलं. यंत्राबद्दलचे राजकीय वाद वेगळे आहेत, ते इथं आणत नाही. मतदारानं केलेल्या कृतीला त्याच जागी, त्याच क्षणी उत्तर मिळावं, ही गोष्ट मात्र प्रत्येक सामाजिक कामानं उचलण्यासारखी आहे.

अक्षरांकडेही थोडं वळू. चित्रांवर एवढं बोलताना असं वाटायला नको की मावळात कुणी वाचतच नाही. लोक वाचतात, आपापल्या गतीनं वाचतात, आणि त्यांना पाठ्यपुस्तकातलं वळण सवयीचं असतं. मराठी ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. राज्य सरकारनं 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात हीच वळणं प्रमाण मानली. पण संगणकावर सहज मिळणाऱ्या अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श असतात. सराईत वाचकाला फरक पडत नाही. नुकतंच वाचायला शिकलेली बाई किंवा दुसरीतलं पोर मात्र तिथं अडतं. आता काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की योग्य वळण आपोआप येतं. तेवढी एक निवड करायला डिझायनरला क्षणही लागत नाही. पोस्टरवरची भाषाही अशीच तपासावी. ‘संसर्ग प्रतिबंधार्थ हस्तप्रक्षालन’ असं लिहिणाऱ्यानं ते मोठ्यानं वाचून पाहिलं तरी पुरे.

आता एक कडू उदाहरण, जे टाळून या विषयावर लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण. खाली टोक असलेला, एका रंगात, कुंचल्याच्या चार फटकाऱ्यांत भिंतीवर काढता येणारा. 1960 च्या दशकात दीप त्यागी या सरकारी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून तो आला, आणि त्याच्या जोडीला हसरे आई-बाप आणि मुलांचे चेहरे. गावागावातला पेंटर तो काढू शकत होता, तो कुठल्याही भाषेत वाचता येत होता, आणि काही वर्षांत देशभर ओळखला गेला. चिन्ह म्हणून त्यात काही उणं काढता येत नाही. मग आणीबाणी आली. 1976-77 या एका वर्षात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या अनेक दडपणाखाली किंवा जबरीनं. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर 1976 साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. तोच त्रिकोण दिसला की लोक शिवारात पळू लागले.

चिन्हात एक रेघही बदललेली नव्हती. बदललं होतं ते चिन्हामागून येणाऱ्या माणसाचं वागणं. ‘माणूस केंद्रस्थानी’ म्हणताना हा भाग सोयीस्करपणे विसरला जातो. पोस्टर चांगलं केलं, पण रुग्णालयात आदिवासी बाईला ‘ए, तिकडं बस’ म्हणून हटकलं, तर तिच्या लेखी त्या पोस्टरचा अर्थ ते हटकणंच असतो. डिझायनरच्या हातात सगळं नसतं. पण आपलं चित्र कुठल्या कामासाठी वापरलं जाणार आहे, त्यात लोकांना नाही म्हणायची मोकळीक आहे का, हे विचारणं त्याच्या कामाचाच भाग आहे, आणि उत्तर पटलं नाही तर काम नाकारणंही.

मग कान्ह्यासारख्या ठिकाणी असं काम कसं चालावं? समजा रुग्णालयाला दिशादर्शक फलक हवे आहेत. पहिले काही दिवस संगणक उघडायचाच नाही. दारातून आत येणाऱ्या माणसामागून, त्याची परवानगी घेऊन, केसपेपरपासून औषधाच्या खिडकीपर्यंत चालत जायचं. तो कुठं थबकतो, कुणाला विचारतो, कुठल्या रांगेत चुकून उभा राहतो, हे टिपायचं. सगळ्यात जास्त वेळा रस्ता विचारला जातो तो बहुतेकदा शिपायाला किंवा सफाई करणाऱ्या मावशींना, तेव्हा त्यांच्याशी बोलायचं. लोक नेमक्या कुठल्या शब्दांत विचारतात, ते त्यांना तोंडपाठ असतं. फलकावर तेच शब्द यावेत.

मग साध्या कागदावर हातानं खुणा काढायच्या आणि बाकावर बसलेल्यांना दाखवायच्या. इथं प्रश्न कसा विचारतो यावर सगळं अवलंबून आहे. ‘आजी, समजलं ना?’ म्हटलं की आजी ‘व्हय, समजलं’ म्हणणारच. समोरच्या शिकलेल्या माणसाचा मान राखायची ती रीत आहे. ‘आजी, यात काय दिसतंय? हे बघून तुम्ही कुठं जाल?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. आणि जमलं तर विचारूच नये, आजीला प्रत्यक्ष चालू द्यावं. सार्वजनिक खुणांसाठी आंतरराष्ट्रीय मानकांत 67 टक्के लोकांना अर्थ बरोबर कळावा असा निकष आहे, अमेरिकेत सुरक्षाचिन्हांसाठी तो 85 टक्के आहे. आपल्याकडे लागणाऱ्या बहुतेक पोस्टरांची अशी चाचणी झालेलीच नसते. दहा-पंधरा जणांना दाखवलं तरी ढोबळ चुका बाहेर पडतात, आणि त्याला खर्च जवळजवळ नसतो.

या दहा-पंधरा जणांत बायका असाव्यात, म्हातारी माणसं असावीत, मोतीबिंदू झालेले, लाल-हिरवा फरक न कळणारे असावेत. बाळाच्या दंडाचा घेर मोजायची अंगणवाडीतली पट्टी पाहा. 11.5 सेंटीमीटरच्या खाली लाल, 12.5 पर्यंत पिवळी, पुढं हिरवी. रंगामुळं ती झटकन वाचता येते, पण पट्टीवर आकडेही असतात, म्हणून रंग न दिसणाराही ती वापरू शकतो. नुसत्या रंगाच्या भरवशावर महत्त्वाची गोष्ट सोडू नये.

शेवटी टिकाऊपणाचं. मावळचा पाऊस फ्लेक्सला एका हंगामात फाडतो. बाहेरच्या भिंतीवर रंगवलेला फलक अधिक टिकतो, आणि गावचाच पेंटर तो पुन्हा उजळवू शकतो. म्हणून खुणा अशा असाव्यात की त्याला छापा देऊन त्या काढता येतील. डॉक्टरांचे वार आणि वेळा छापून टाकू नयेत, त्या सतत बदलतात. तिथं खडूनं लिहायची जागा ठेवावी आणि ती नर्सच्या हाताला पोचेल इतक्या उंचीवर ठेवावी. मूळ आराखडे रुग्णालयाकडे खुले सोडून द्यावेत, नाहीतर एक शब्द बदलायला पुण्याला फोन लागतो. आणि अंदाजपत्रकात छपाईच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहावी: सहा महिन्यांनी परत येऊन, लोक अजून कुठं चुकतात ते पाहण्याचा आणि फलक दुसऱ्यांदा करण्याचा खर्च. देणगीदार ही ओळ पहिल्यांदा कापतात, तेव्हा ती का हवी हे त्यांना समजावून सांगायची तयारी करूनच बैठकीला जावं.